कारखान्याच्या संगणकीय दप्तराचा कारभारी

जमीन जागची हलत नाही. तरीही तिच्यासंबंधी तंटे उद्भवतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा एखादी चुकलेली अथवा राहून गेलेली नोंद असते. एक-चौदाच्या उताऱ्यावर किंवा सातबाऱ्यावर कोणाचे नाव होते, फेरफार केव्हा झाला व कोणाच्या आदेशाने झाला, हे दप्तरात नीट लिहिलेले असेल तर तीस वर्षांनंतरही खरे काय ते सांगता येते. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंचीही हीच स्थिती आहे. फरक एवढाच की, वस्तू तिच्या आयुष्यात अनेकदा बदलत असते. पंपाचा दांडा, मोटारगाडीच्या चावीचे स्विच, विमानातील तारांचा जुडगा, या प्रत्येकाचे ड्रॉइंग असते; त्या ड्रॉइंगच्या एकामागून एक सुधारित आवृत्त्या निघतात; आणि कोणती वस्तू कोणत्या आवृत्तीप्रमाणे बनली याची नोंद राहिली नाही, तर त्याची किंमत पैशांत आणि प्रसंगी माणसांच्या प्राणांत मोजावी लागते.

मोठ्या उद्योगांतील हे दप्तर आता संगणकावर ठेवले जाते. ते ठेवणाऱ्या प्रणालीस ‘प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट’, म्हणजेच उत्पादनाच्या जीवनक्रमाचे व्यवस्थापन, असे नाव असून कारखान्यांत ती ‘पीएलएम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. टीमसेंटर, विंडचिल, एनोव्हिया या नावांची सॉफ्टवेअरे याच वर्गातील होत. अशी प्रणाली चालती व विश्वासार्ह ठेवणाऱ्या प्रशासकाच्या अंगी कोणते गुण व कोणती कौशल्ये असावी लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अभियांत्रिकीकडे वळणारे विद्यार्थी, त्यांचे पालक व शिक्षक यांना तो उपयोगी पडेल. आणि सरकारी दप्तर सांभाळणाऱ्यांना त्यात आपल्याच कामाची ओळख पटेल.

हे दप्तर म्हणजे काय?

पूर्वी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग कागदावर शाईने आरेखन करीत व त्याच्या निळ्या प्रती यंत्रशाळेत पाठवीत. बदल झाला की मूळ ट्रेसिंगच्या कोपऱ्यातील कोष्टकात आवृत्तीची खूण व तारीख लिहिली जाई, जुन्या प्रती परत मागविल्या जात आणि त्यांवर रद्द झाल्याचा शिक्का बसे. एखादी जुनी प्रत लेथजवळच्या खिळ्याला टांगलेली राहिली, तर कामगार तिच्यावरूनच माल काढीत असे आणि तो सगळा माल भंगारात जाई.

आरेखन संगणकावर होऊ लागल्यावर ही अडचण आपोआप दूर होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती एका अर्थाने वाढली, कारण फाइलीची नक्कल क्षणात होते आणि तिच्यावर शिक्का दिसत नाही. सर्व आरेखने व नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवण्याची गरज त्यातून निर्माण झाली. अमेरिकन मोटर्स या मोटार कंपनीने इ.स. १९८५ च्या सुमारास, मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकून राहण्यासाठी, नव्या गाडीची आखणी वेगाने करण्याच्या हेतूने अशी व्यवस्था अंगीकारली. पीएलएमच्या इतिहासात तिचा उल्लेख आरंभीचे उदाहरण म्हणून केला जातो.

या दप्तरात प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक, नाव, धातू, वजन व आरेखन असते. कोणती वस्तू कोणत्या भागांची व किती नगांची मिळून बनते, याची घटकसूची असते. बदल कोणी सुचविला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला व तो केव्हापासून लागू झाला, याचीही नोंद असते. प्रत्येक आरेखन ठरावीक अवस्थांतून जाते : काम चालू, तपासणीखाली, जारी आणि शेवटी कालबाह्य. एकदा जारी झालेल्या आरेखनास कोणीही हात लावावयाचा नाही. बदल हवा असल्यास रीतसर अर्ज करून नवी आवृत्ती काढावयाची, हा या व्यवस्थेचा मूलभूत नियम होय. सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज फेरफार पक्का होत नाही आणि जुने नाव कंसात वाचता येण्याजोगे राहते, त्यातलाच हा प्रकार आहे.

नोंद राहिली नाही म्हणजे काय होते?

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या काही लहान गाड्यांत चावीचे स्विच सैल होते. गाडी धावत असता चावी आपोआप फिरून इंजिन बंद पडे. त्याबरोबर सुकाणूला मिळणारे यांत्रिक साहाय्य नाहीसे होई आणि अपघाताच्या वेळी फुगून प्रवाशाला वाचविणारी हवेची पिशवी उघडत नसे. इ.स. २००६ मध्ये या स्विचच्या आतील एक छोटा भाग बदलून अधिक घट्ट बसविण्यात आला. बदल योग्य होता. परंतु स्विचचा क्रमांक पूर्वीचाच ठेवण्यात आला. परिणामी सदोष स्विच आणि सुधारलेले स्विच कागदोपत्री एकच ठरले. जुन्या गाड्यांत दोष आहे व नव्यांत का नाही, याचा उलगडा पुढे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे झाला नाही. अखेर एका मृत तरुणीच्या कुटुंबीयांनी लावलेल्या दाव्यात तज्ज्ञाने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा २०१३ मध्ये फरक उघडकीस आला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नुकसानभरपाईसाठी स्थापन झालेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले.

दुसरा दाखला युरोपातील आहे. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानाचे भाग अनेक देशांत बनत व जुळणी फ्रान्समधील तुलूज येथे होई. या विमानात सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या तारा असतात. जर्मनीतील हाम्बुर्ग येथून तयार होऊन आलेले तारांचे जुडगे प्रत्यक्ष जागी बसविताना आखूड पडू लागले. आरेखनाच्या एकाच सॉफ्टवेअरची जर्मनीत जुनी व फ्रान्समध्ये नवी आवृत्ती वापरात होती, हे त्याचे एक मोठे कारण ठरले. एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी नीट पोहोचत नव्हता. पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडावयास ऑक्टोबर २००७ उजाडला. म्हणजे मूळ वेळापत्रकापेक्षा दीड वर्षाहून अधिक विलंब झाला.

या दोन्ही घटनांत यंत्रे उत्तम होती व अभियंतेही कुशल होते. पहिलीत बदलाची खूण नोंदीत उमटली नाही. दुसरीत दोन ठिकाणची दप्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. पीएलएमचा प्रशासक ज्यासाठी नेमला जातो ते काम नेमके हेच आहे : प्रत्येक माणसाला, प्रत्येक ठिकाणी, त्या घटकेला लागू असलेली एकच खरी आवृत्ती दिसली पाहिजे आणि ती कशी अस्तित्वात आली हे कधीही सांगता आले पाहिजे. त्याची सर्व कौशल्ये या एका उद्दिष्टाच्या सेवेत असतात.

वस्तू कशी बनते याची जाण

प्रशासकास संगणक यावा हे उघड आहे. परंतु त्याच्याही आधी वस्तू कशी बनते हे त्याला समजले पाहिजे. छताच्या पंख्याचे उदाहरण घेऊ. अभियंत्याच्या दृष्टीने पंखा म्हणजे मोटार, पाती, दांडा व झाकण. कारखान्याच्या दृष्टीने त्यात वंगण, व्हार्निश, रंग, खोके आणि जुळणीचा क्रम हेही येते. म्हणून एकाच पंख्याच्या दोन घटकसूच्या असतात, एक आखणीची व दुसरी उत्पादनाची. पहिलीत झालेला बदल दुसरीत उतरविण्याची वाट प्रशासकाने बांधून द्यावयाची असते. या दोन सूच्यांतील भेदच ज्याला ठाऊक नाही, तो दोहोंची सरमिसळ करील आणि खरेदी विभाग नको तो माल मागवील.

क्रमांक केव्हा बदलावा, हाही असाच व्यवहारज्ञानाचा प्रश्न आहे. जुना भाग व नवा भाग एकमेकांच्या जागी निर्धोकपणे वापरता येत असतील, तर नवी आवृत्ती पुरेशी होते. आकार, बसण्याची रीत किंवा कार्य यांपैकी काहीही बदलून ते परस्परांच्या जागी चालेनासे झाले, तर क्रमांकच नवा हवा. जनरल मोटर्सच्या स्विचच्या बाबतीत हाच नियम मोडला होता. निर्णय अभियंत्याने घ्यावयाचा असतो. परंतु हा प्रश्न विचारल्यावाचून अर्ज पुढे सरकूच नये, अशी व्यवस्था प्रणालीत करून ठेवणे प्रशासकाच्या हाती असते.

संगणकाचे ज्ञान

पीएलएमची रचना साधारणतः तीन खणांची असते. एका खणात नोंदींचा डेटाबेस, दुसऱ्यात आरेखनांच्या प्रत्यक्ष फाइलींचे कोठार आणि तिसऱ्यात वापरणाऱ्यांच्या मागण्या पुऱ्या करणारा सर्व्हर. प्रशासकाला डेटाबेसची भाषा, सर्व्हरची कार्यपद्धती, जाळ्याने जोडलेल्या दूरच्या शाखांत फाइली पोहोचविण्याची रीत आणि प्रणाली स्वतःच्या कामाची जी रोजनिशी लिहीत असते ती वाचण्याची हातोटी अवगत असावी लागते. आरेखनाची सॉफ्टवेअरे एका बाजूला आणि खरेदी, साठा व हिशेब यांची प्रणाली दुसऱ्या बाजूला, या दोहोंशी पीएलएमचा दुवा जुळवून तो तुटू न देणे हेही त्याचे काम असते.

राखीव प्रती घेण्याच्या बाबतीत येथे एक विशेष दक्षता घ्यावी लागते. समजा, डेटाबेसची प्रत मध्यरात्री घेतली आणि फाइलींच्या कोठाराची पहाटे घेतली. बिघाड झाल्यावर दोन्ही प्रती परत बसविल्या, तर मधल्या काळात जे काम झाले त्याच्या फाइली कोठारात असतील, पण त्यांची नोंद कोठेच नसेल. घेण्याचा क्रम उलटा असेल, तर नोंद असेल पण फाइल सापडणार नाही. दोन्ही प्रती परस्परांशी जुळतील अशा रीतीनेच त्या घेतल्या पाहिजेत. शिवाय, प्रत घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. वेगळ्या संगणकावर ती ठरावीक काळाने प्रत्यक्ष उभी करून पाहिली पाहिजे. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे भोक असलेला पोहरा विहिरीत सोडण्यासारखे आहे.

कोणताही फेरबदल चालू प्रणालीवर थेट करावयाचा नसतो. तो प्रथम वेगळ्या प्रायोगिक प्रणालीवर करावा, वापरणाऱ्यांकडून तपासून घ्यावा आणि मगच कामाच्या प्रणालीत आणावा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविताना हे पथ्य अधिकच पाळावे लागते. प्रत्येक विभागाला आपल्या सोयीचा एखादा खास फेरबदल करून हवा असतो. परंतु सॉफ्टवेअरमध्ये मुळातच दिलेल्या पर्यायांनी भागत असेल, तर नवी आज्ञावली लिहून घालण्याचा मोह आवरलेला बरा. असे प्रत्येक ठिगळ पुढील आवृत्तीच्या वेळी पुन्हा तपासावे, आणि पुष्कळदा पुन्हा शिवावे लागते.

अधिकारांची वाटणी आणि सचोटी

एखाद्या फौंड्रीला इंजिनाचे एक ओतीव काम दिले असेल, तर तिला त्या ओतीव भागाचे आरेखन दिसले पाहिजे. संपूर्ण इंजिनाचे नव्हे. यंत्रावरील कामगाराला फक्त जारी झालेली आवृत्ती दिसावी. अर्धवट काम दिसू नये. संरक्षण खात्याच्या कामात तर कोणाला काय दिसावे यावर कायद्याचीच बंधने असतात. व्यक्ती पाहून अधिकार देऊ नयेत. पदाला अधिकार द्यावेत व त्या पदावर व्यक्ती नेमावी, ही यातील शहाणपणाची रीत आहे. बदली झाल्यावर किंवा नोकरी सुटल्यावर ते त्याच दिवशी काढून घेणे सोपे जाते.

सर्वांत मोठा अधिकार मात्र खुद्द प्रशासकाच्या हाती असतो. त्याला जारी आरेखन उघडता येते, मंजुरीचा टप्पा ओलांडता येतो, तारीखही बदलता येते. त्याची खरी परीक्षा येथेच होते. मंजुरी देणारे अधिकारी रजेवर आहेत, माल अडला आहे, ट्रक दाराशी उभा आहे; तेव्हा “तुमच्या अधिकारात एवढे जारी करून टाका, सही मागाहून घेऊ” अशी विनंती होते. विनंती करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु एकदा असे केले की, नोंदीत दिसणारी मंजुरी खरोखर कोणाची, हे सांगता येत नाही आणि सगळ्याच नोंदींवरील विश्वास डळमळतो. अशा वेळी नुसता नकार देऊनही भागत नाही. रजेच्या काळात कोणी मंजुरी द्यावयाची, याची प्रतिनियुक्ती प्रणालीत आधीच करून ठेवणे हा त्यावरील खरा उपाय आहे. नियम पाळणे लोकांना सोपे जाईल अशी सोय करणे, हे कुशल प्रशासकाचे लक्षण होय. स्वतःच्या नेहमीच्या कामासाठी त्याने साधे खाते वापरावे व सर्वाधिकाराचे खाते गरजेपुरतेच उघडावे, हा दंडकही त्याच कारणासाठी आहे.

जुन्या नोंदींची शुद्धी आणि लोकशिक्षण

नवी प्रणाली येते तेव्हा जुने दप्तर तिच्यात आणावे लागते. एकाच मापाचा बोल्ट कोणी ‘बोल्ट एम-८’, कोणी ‘षट्कोनी बोल्ट ८ मि.मी.’, तर कोणी नुसताच ‘बोल्ट लहान’ असा लिहून ठेवलेला आढळतो. तिघांना तीन क्रमांक मिळाले, की तीन वेळा खरेदी होते व गोदामात तीन ढीग लागतात. ही पुनरुक्ती शोधणे, नावांची एक पद्धत ठरविणे आणि शंका असेल तेथे ज्याने काम केले त्या माणसाला जाऊन विचारणे, हे चिकाटीचे काम असून ते संगणकावर सर्वस्वी सोपविता येत नाही.

वस्तू आणि सॉफ्टवेअर यांच्या आयुर्मानातील फरकही ध्यानात ठेवावा लागतो. जहाज किंवा विमान तीस वर्षे सेवेत राहू शकते. तेवढ्या काळात सॉफ्टवेअर अनेकदा बदलते. आजची आरेखने तेव्हाही वाचता यावीत म्हणून ती कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या स्वरूपातही जतन करतात. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे १०३०३ क्रमांकाचे, ‘स्टेप’ या नावाने परिचित असलेले मानक १९९४ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

शेवटचे कौशल्य लोकांना शिकविण्याचे. प्रणाली किचकट वाटली, की लोक आडवाटा शोधतात. आरेखन ई-मेलने पाठवितात, आपल्याच संगणकावर प्रत ठेवतात, आणि खिळ्याला टांगलेली जुनी निळी प्रत नव्या वेषात परत येते. अशा वेळी दटावण्यापूर्वी अडचण कोठे आहे हे प्रशासकाने यंत्राजवळ जाऊन पाहावे. यंत्रशाळेत ज्या भाषेत काम चालते त्या भाषेत सोप्या सूचना लिहून देता येणे, हे येथे डेटाबेसच्या ज्ञानाइतकेच मोलाचे ठरते.

आपल्याकडील विद्यार्थ्यांसाठी

गोव्यात जहाजबांधणी व औषधनिर्मिती चालते. बेळगावात ओतकामाचा व यंत्रभागांचा उद्योग जुना असून त्या जिल्ह्यातील हत्तरगी येथे विमानांचे सुटे भागही तयार होतात. पुण्याच्या परिसरात मोटारउद्योग मोठा आहे. दूरदेशीच्या कारखान्यासाठी भाग बनविणाऱ्या लहान यंत्रशाळेलाही आपल्या हातातील ड्रॉइंग अद्ययावत आहे की नाही हे पाहावेच लागते. त्यामुळे या ज्ञानाचा उपयोग केवळ मोठ्या कंपनीत जाणाऱ्यांनाच होतो असे नाही.

या क्षेत्राकडे येण्याच्या वाटा दोन. आयटीआयमध्ये यांत्रिक आरेखनाचा अभ्यासक्रम केलेल्या अथवा तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या विद्यार्थ्याने डेटाबेस व सर्व्हर यांचे ज्ञान मिळवावे. संगणकाचे शिक्षण घेतलेल्याने काही महिने यंत्रशाळेत घालवून ड्रॉइंग वाचावयास शिकावे. आरंभीच्या अभ्यासासाठी खर्चाचीही फारशी आवश्यकता नाही. फ्रीकॅड हे आरेखनाचे व पोस्टग्रेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

शिक्षकांना वर्गात करून घेता येईल असा एक पाठ येथे सुचवावासा वाटतो. एक सायकल समोर ठेवून विद्यार्थ्यांकडून तिची घटकसूची करून घ्यावी. नंतर मागच्या चाकाचा आस थोडा जाड करावयाचा आहे असे सांगून विचारावे : आणखी कोणते भाग बदलतील? कोणाकोणाला कळवावे लागेल? गोदामात पडलेल्या जुन्या आसांचे काय करावे? आधी विकलेल्या सायकली दुरुस्तीस आल्या, तर त्यांना कोणता आस द्यावा, आणि तो कोणता हे दुकानदाराला कसे कळावे? या चार प्रश्नांची उत्तरे जो विद्यार्थी कागदावर चुकीवाचून मांडील, त्याला या विषयाचे मर्म समजले असे मानण्यास हरकत नाही. पुढचे संगणकाचे शिक्षण त्याला जड जाणार नाही.